यंत्रशाळा की पेटंट-कचेरी?
(विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी झालेल्या भाषणाची संहिता)



महाजन घराण्यातील एखादे मूल अभियांत्रिकीची पदवी घेऊन घरी आले म्हणजे पूर्वी घरच्यांना एकच चौकशी करावयाची असे: नोकरी कोठे लागली? फर्मागुडीच्या पठारावर, गोपाळ गणपतीच्या सान्निध्यात, १९६७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. तेथून बाहेर पडलेल्यांनी कारखाने गाठले, बांधकाम खाते गाठले, कोणी आखातात गेले. अभियंता म्हणजे यंत्रापाशी किंवा बांधकामापाशी उभा असलेला मनुष्य, ही समजूत त्यामुळे घराघरांत पक्की झाली. ती चुकीची होती असे नव्हे. परंतु आता ती अपुरी पडू लागली आहे.

समजा, फोंडे महालातील एका घरी यंदा यंत्र-अभियांत्रिकीची पदवी मिळविलेली मुलगी आहे आणि तिच्यापुढे दोन पत्रे पडली आहेत. एक वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्याचे, प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून बोलावणारे. दुसरे पुण्यातील एका पेटंट-पेढीचे. पगारात फारसे अंतर नाही. वडिलांनी शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले आहे. ते दुसरे पत्र दोनदा वाचतात आणि म्हणतात, "चार वर्षे यंत्रे शिकलीस ती शेवटी कागद लिहिण्यासाठी काय?" आजीला पेटंट हा शब्द ठाऊक नाही, पण कागद लिहिण्याचे काम म्हटल्यावर ते सावलीतले आणि पंख्याखालचे असणार, एवढे तिला कळते. तिचे मत पुण्याच्या बाजूने पडते. मुलगी गप्प राहते, कारण पेटंट-पेढीत दिवसभर काय करतात हे तिलाही महाविद्यालयात कोणी सांगितलेले नाही.

म्हणून आधी ते काम काय, हे पाहू. नवे यंत्र, नवी प्रक्रिया वा नवा पदार्थ ज्याने शोधला त्याला सरकार अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असा हक्क देते की, त्याच्या अनुमतीवाचून तो शोध दुसऱ्या कोणी व्यापारात वापरू नये. या हक्काला पेटंट, सरकारी मराठीत एकस्व, म्हणतात. हा हक्क फुकट मिळत नाही. शोधकाने आपली सारी युक्ती जाणकाराला करून पाहता येईल इतक्या तपशिलाने लिहून द्यावी लागते, आणि मुदत सरली की ती सर्वांची होते. हे लिहिणे, तत्पूर्वी असे काही जगात आधी झाले आहे काय याचा शोध घेणे, अर्ज तपासणाऱ्या सरकारी परीक्षकाच्या आक्षेपांना मुदतीत उत्तरे देणे, आणि दुसऱ्याच्या पेटंटमुळे आपल्या अशिलाचा कारखाना अडचणीत तर येणार नाही ना याचा सल्ला देणे, हे पेढीचे काम होय. कायद्याने अधिकृत असा जो मनुष्य हे करतो त्याला पेटंट एजंट म्हणतात.

आपल्या देशात या व्यवहाराचा आरंभच एका अभियंत्याने केला. १८५६ च्या कायद्याखाली ३ मार्च १८५६ रोजी कलकत्त्याचे स्थापत्य अभियंता जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी सरकारकडे अर्ज दिला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी. छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढीत बसणारा मनुष्य ज्यांनी जुन्या चित्रांत पाहिला असेल त्यांना या शोधाचे मोल सहज कळेल. डी पेनिंग यांचे पंखा-यंत्र आज कोणाच्या स्मरणात नाही. त्यांचे आडनाव मात्र राहिले, आणि ते राहिले पेटंट-व्यवसायाच्या पेढीचे नाव म्हणून.

लिहिणे म्हटले की आपल्या लोकांना ती कारकुनी वाटते. पेटंटमधले लिहिणे त्या जातीचे नाही, हे समजण्यास महाजनांइतका योग्य श्रोतृवर्ग मिळणे कठीण. प्रत्येक देवस्थानचा कोंप्रोमिस, म्हणजे नियमपत्र, आपणास परिचित आहे. १९३३ च्या देवस्थान-नियमावलीखाली महाजन कोण आणि कोण नव्हे हे त्या नियमपत्रातील शब्दांवर ठरते. एक शब्द आखूड पडला तर एखादी शाखाच्या शाखा बाहेर राहते. एक शब्द सैल पडला तर ज्यांचा संबंध नाही तेही आत येऊ पाहतात. पेटंटच्या शेवटी जे दावे लिहिलेले असतात त्यांची जात हीच. वरचे वर्णन कितीही सुंदर असो, न्यायालयात हक्काची मेर ठरते ती दाव्यातील शब्दांनी.

घरातले उदाहरण घेऊ. एका कारागिराने नारळ खवण्याची अशी विळी केली की, वर बसलेली व्यक्ती उठताच दातेरी पाते आपोआप आत मिटते. घरात रांगणारे मूल असले तरी भय नाही. अभियंता तिचे वर्णन करील: शिसवी पाट, पोलादी पाते, खाली स्प्रिंग. त्याच्या दृष्टीने काम झाले. पेटंट लिहिणारा विचारील, शिसवीच का? उद्या कोणी प्लॅस्टिकची बैठक केली तर तो मोकळा सुटला. स्प्रिंगच का? कोणी रबराची पट्टी लावली तर? म्हणून 'पाट' जाऊन 'बैठक' येते. 'स्प्रिंग' जाऊन 'बैठकीवरील भार दूर होताच पाते आत ओढणारी योजना' येते. यावर हाव सुटून कोणी नुसते 'मिटणाऱ्या पात्याची विळी' एवढेच लिहिले, तर परीक्षक बाजारातील घडीची विळी पुढे ठेवून अर्ज परत करील. अतिरुंद शब्दाने पेटंट मिळत नाही, अतिअरुंद शब्दाने मिळालेले पेटंट निरुपयोगी होते. या दोहोंमधली जागा शोधावयाची तर पाते का मिटते, भार कोठे पडतो, रबर किती दिवस टिकते हे ठाऊक असावे लागते. तो भाग अभियांत्रिकीचा. उरलेला भाग भाषेचा, आणि तो चार वर्षांच्या अभ्यासक्रमात नसतो.

या दोन वाटांमध्ये सापडलेल्या एका मनुष्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. चेस्टर कार्लसन याचा जन्म १९०६ साली अमेरिकेतील सिॲटल येथे झाला. बाप न्हावी, पण क्षयाने आणि सांधेदुखीने खिळलेला. पोराने लहानपणापासून मिळेल ते काम करून घर चालविले. तो १७ वर्षांचा असता आई वारली. अशा स्थितीत कर्ज डोक्यावर घेऊन त्याने १९३० साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदार्थविज्ञानाची पदवी मिळविली. साल मोठ्या मंदीचे. त्याने ८२ कंपन्यांना पत्रे लिहिली. एकीकडूनही नोकरी आली नाही. अखेर न्यूयॉर्कला बेल टेलिफोन प्रयोगशाळेत आठवड्याला ३५ डॉलरवर संशोधन-अभियंता म्हणून तो लागला.

येथवर आपल्याकडचा कोणीही पालक म्हणेल, सुटला बिचारा, अभियंता झाला. परंतु ते काम त्याला रुक्ष आणि ठोकळेबाज वाटले. वर्षभराने त्याने आपण होऊन त्याच कंपनीच्या पेटंट विभागात बदली मागून घेतली. तेथूनही १९३३ मध्ये त्याला काढले. पुढे १९३४ मध्ये विजेचे सुटे भाग करणाऱ्या पी. आर. मॅलोरी या कंपनीच्या पेटंट विभागात तो लागला आणि कालांतराने त्या विभागाचा प्रमुख झाला. दिवसा पेटंटची कामे आणि रात्री कायद्याचे महाविद्यालय, असा त्याचा क्रम होता. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसल्याने तो वाचनालयात बसून कायद्याची पाने हाताने उतरवून घेत असे. आणि पाठीच्या कण्यात वडिलांचीच सांधेदुखी त्यालाही जडलेली.

कचेरीतही तीच पीडा. पेटंटच्या तपशीलपत्राच्या प्रती कधी पुरत नसत. एक तर ते कागद बाहेर पाठवून त्यांचे फोटो काढून आणावयाचे, त्यात पैसा आणि वेळ जाई. नाही तर टंकलेखनिकेने कार्बन घालून पुन्हा सारे टंकित करावयाचे आणि मग दोघांनी बसून मुळाशी ताडून पाहावयाचे. आकृत्या तर टंकयंत्रावर निघतच नाहीत. ज्यांची उमर कचेरीत गेली त्यांना चौथ्या-पाचव्या कार्बनप्रतीची पुसट निळी अक्षरे आठवतील आणि कार्लसनचा वैताग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक इतकाच की, इतर लोक वैतागून घरी गेले. हा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयात गेला.

तेथे त्याने काय केले हे पाहण्यासारखे आहे, कारण ते शुद्ध पेटंटवाल्याचे वर्तन होय. रसायने आणि छायाचित्रण यांच्या वाटेने मोठ्या कंपन्यांनी जाऊन पाहिलेले असणारच, हे त्याने धरून चालले. म्हणून ती वाट सोडून प्रकाश पडला असता ज्यांची वीजवाहकता बदलते अशा पदार्थांवरचे लेख त्याने वाचून काढले. कल्पना जुळताच, एकही प्रत प्रत्यक्ष निघण्यापूर्वी, १९३७ साली त्याने पेटंटचा अर्ज दाखल केला. अभियंता आधी यंत्र चालवून पाहतो. ज्याला कायदा ठाऊक आहे तो आधी तारीख पदरात पाडून घेतो.

प्रयोग मात्र स्वयंपाकघरातील गंधकाच्या धुराने भरले. हातच्या कामात आपण कमी पडतो हे ओळखून त्याने ऑटो कॉर्नाय नावाच्या ऑस्ट्रियातून आलेल्या निर्वासित तंत्रज्ञाला मदतीस घेतले. न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागातील एका लहान खोलीत २२ ऑक्टोबर १९३८ रोजी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, अंधारात तो रुमालाने घासून विद्युत्‌भारित केला, काचपट्टीवर शाईने तारीख व 'ॲस्टोरिया' हे नाव लिहून ती त्यावर ठेवली आणि क्षणभर प्रखर प्रकाश पाडला. काच काढून वर बारीक भुकटी पसरली आणि फुंकरली. अक्षरे तेवढी राहिली. मेणकागद दाबून ती उतरवून घेतली. जगातील पहिली कोरडी प्रत अशी निघाली. आज म्हापशाच्या बाजारात वा पणजीच्या कोर्टाबाहेर ज्या दुकानाच्या पाटीवर 'झेरॉक्स' लिहिलेले असते, त्याचे मूळ हे.

मूळ तेथे असले तरी यंत्र तेथे नव्हते. वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला परत पाठविले. १९४२ मध्ये मुख्य पेटंट मिळाले, पण कागदावरच्या पेटंटने प्रत निघत नाही. १९४४ मध्ये बॅटेल ही संशोधन-संस्था पुढे आली. तेथील एक जाणकार मॅलोरी कंपनीत पेटंटच्याच कामासाठी आला असता कार्लसनची गाठ पडली होती. १९४७ मध्ये हॅलॉइड या लहानशा कंपनीने करार केला. त्यानंतर कित्येक अभियंते गंधकाच्या जागी सेलेनियम, हाताने घासण्याच्या जागी विजेची तार, भुकटीच्या जागी वितळणारी शाई असे एकेक बदलत राहिले आणि १९५९ च्या सप्टेंबरात पहिले आपोआप चालणारे यंत्र लोकांपुढे आले. अमेरिकेत त्या काळी पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षे असे. १९४२ च्या पेटंटची मुदत १९५९ च्याच ऑक्टोबरात संपली! कंपनीने मधल्या काळात सुधारणांची पेटंटे घेत जाऊन हक्क राखला म्हणून बरे. कार्लसनला पुढे अमाप द्रव्य मिळाले, त्यातील बहुतेक त्याने दान केले, आणि १९६८ मध्ये तो वारला.

या हकीकतीवरून पेटंट-कचेरीत बसले की मनुष्य शोधक होतो असे कोणी काढील तर ते चूक ठरेल. गरज कोणती हे त्या टेबलाने दाखविले, वाट कोठे मोकळी आहे हेही दाखविले. परंतु १९३८ ते १९५९ ही २१ वर्षे यंत्रशाळेची आहेत. तिथे ज्यांनी हात काळे केले त्यांची नावे आपल्यास ठाऊक नाहीत, हा भाग निराळा.

दुसरे उदाहरण सर्वांच्या ओठांवर असते: आल्बर्ट आइन्स्टाइन. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील पेटंट-कचेरीत जून १९०२ मध्ये तो तिसऱ्या वर्गाचा तांत्रिक तज्ज्ञ म्हणून वर्षाला ३,५०० फ्रँकवर लागला आणि १९०५ चे ते सुप्रसिद्ध निबंध त्याने ही नोकरी करीत असतानाच लिहिले. हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्याच कचेरीत १९०४ मध्ये त्याची नोकरी कायम झाली, पण बढती मिळाली नाही, हे सांगणारे थोडे. कारण असे की, त्याचे शिक्षण पदार्थविज्ञानाचे. यंत्रविद्या पुरती हस्तगत होईपर्यंत त्याने थांबावे, असे संचालक हालर यांचे मत होते. बढती १९०६ मध्ये मिळाली. त्याचा मित्र मिकेले बेसो हा शिक्षणाने यंत्र-अभियंता. तोही १९०४ मध्ये त्याच कचेरीत आला. सापेक्षतेवरील पहिल्या निबंधात आइन्स्टाइनने आभार मानले ते एकट्या बेसोचे. पेटंट-कचेरीत यंत्राची जाण किती मोलाची समजत, हे या बढतीच्या गोष्टीवरून दिसावे.

आपल्या देशात मात्र या कामाकडे तरुणांचे लक्ष फार उशिरा गेले. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधे व खाद्यपदार्थ यांच्या बाबतीत त्यात पदार्थाला पेटंट नव्हते, फक्त करण्याच्या रीतीला होते. म्हणून आपल्या रसायन-अभियंत्यांनी तेच औषध निराळ्या रीतीने करण्यात नैपुण्य मिळविले. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि १ जानेवारी २००५ पासून औषधाच्या पदार्थालाही पेटंट मिळू लागले. तेव्हापासून कारखानदारांना दुसऱ्याची पेटंटे वाचणारा मनुष्य हवासा वाटू लागला. २०२२-२३ या एका वर्षात देशात ८२ हजारांहून अधिक अर्ज आले. ते वाचावयास, लिहावयास आणि तपासावयास माणसे लागतात. गोव्याचे अर्ज मुंबईच्या शाखा-कचेरीच्या अखत्यारीत येतात.

येथे एका नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. चोडणहून मयेमार्गे माशेलास आलेल्या देवकीकृष्णाचे स्थान आपण सारे जाणतो. त्या माशेल गावी १ जानेवारी १९४३ रोजी रघुनाथ माशेलकर यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. आईने मुंबईस नेऊन कष्टाने शिकविले. मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रशास्त्र विभागातून ते १९६६ मध्ये रसायन-अभियंता झाले, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. प्रयोगशाळेतील मंडळींनी शोधनिबंध छापण्याआधी पेटंटचा अर्ज करावा, हा आग्रह त्यांनी देशभर धरला.

त्यांच्या कारकिर्दीतील हळदीचा खटला प्रसिद्ध आहे. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग, याला अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये पेटंट मंजूर झाले होते. परिषदेने १९९६ मध्ये त्यास हरकत घेतली. आता जखमेवर हळद लावतात हे सांगावयास आपल्या कोणत्याही आजीला बोलावता आले असते. परंतु त्या देशाच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातील नुसती वहिवाट चालत नसे. आधीचा छापील मजकूर दाखवावा लागे. परिषदेने ३२ आधार काढून दिले, त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक निबंधही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय परीक्षानळीने मिळविलेला नव्हे. कोठल्या पुस्तकात, कोणत्या पानावर, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या साली हे आधी लिहिले गेले, हे हुडकून काढणाऱ्यांनी तो मिळविला. यालाच कोणी कागद लिहिण्याचे काम म्हणणार असेल तर म्हणो बापडे.

असो. आता फोंड्याच्या त्या मुलीकडे परत येऊ. कारण आतापर्यंत जे सांगितले त्यावरून तिने पुण्याची गाडी पकडावी असे वाटेल, आणि सल्ला तो नाही.

कायदा काय म्हणतो ते पाहावे. पेटंट एजंट होण्यास भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षे पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रशास्त्राची पदवी, आणि पेटंट-कचेरीची परीक्षा एवढे पुरते. वयाची वरची मर्यादा नाही. म्हणजे आज ही परीक्षा दिली नाही तर ती हातची जाते असे मुळीच नाही. सत्तावीसाव्या वर्षी देता येते, चाळिसाव्याही. कारखान्याचे तसे नसते. बाविसाव्या वर्षी प्रशिक्षणार्थी म्हणून जो अजाणपणा खपतो, जुना मिस्त्री हाताला धरून जे शिकवितो, ते बत्तिसाव्या वर्षी कोणी शिकवीत नाही. कारखान्यातून पेटंट-पेढीत जाणारे वाटेल तितके आढळतात. दहा वर्षे पेढीत काढून पुन्हा यंत्रापाशी परतलेले शोधावे लागतात. दोन वाटांपैकी एकीवरून परत फिरता येते आणि दुसरीवरून सहसा येत नाही, तेव्हा पहिले पाऊल कोणत्या वाटेवर टाकावे हे सांगण्यास ज्योतिषी नको.

शिवाय वर्कशॉपात न घालविलेली वर्षे पेटंटच्या मसुद्यात दिसतात. शोधक समोर बसून सांगत असतो आणि त्यातले महत्त्वाचे नेमके सांगावयाचे विसरतो. कारण त्याच्या लेखी ते क्षुल्लक असते. साचा थंड होताना तो किती मिनिटे थांबला, स्क्रू आधी कोणता घट्ट केला. ज्याने स्वतः साचा बिघडविला आहे तोच हा प्रश्न विचारू शकतो. न विचारलेली गोष्ट अर्जातून राहून जाते आणि पुढे नवीन मजकूर म्हणून आत घेता येत नाही.

सरकारी परीक्षकाची जागा हा तिसरा पर्याय पुष्कळ पालकांना रुचतो, आणि त्यात गैर काही नाही. पद राजपत्रित, निवृत्तीपर्यंतची शाश्वती, आणि १० वर्षे परीक्षक वा नियंत्रकाचे काम केल्यावर नोकरी सोडली तर परीक्षेवाचून एजंट म्हणून नोंदणी. परंतु एक कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पेटंट-कचेरीच्या नोकराला नोकरीच्या काळात, वारसाहक्काचा अपवाद सोडता, कोणत्याही पेटंटमध्ये हितसंबंध घेता येत नाही. ज्याच्या डोक्यात स्वतःची कल्पना घोळते आहे त्याने हे वाचून मग अर्ज भरावा. कार्लसन खाजगी कंपनीत होता म्हणून त्याचे जमले.

अपवाद आहेत. काही मुले अशी असतात की यंत्राची आकृती पाहून त्यांना आनंद होतो, यंत्राचा आवाज ऐकून होत नाही; ती प्रयोगवहीचे लेखन नेमके करतात आणि प्रयोग कसाबसा उरकतात. रसायन वा जीवशास्त्र यांत वरची पदवी घेतलेल्यांनी प्रयोगशाळेत हात आधीच पुष्कळ काळे केलेले असतात. अशांनी सरळ पेढीत जावे. पालकांनी त्यांना कारकून म्हणून हिणवू नये. आणि घरची नड अशी असेल की जेथे आधी पगार सुरू होतो तेथेच जाणे भाग आहे, तर हा सारा ऊहापोह बाजूला ठेवून जावे. आइन्स्टाइनलाही हौसेपेक्षा नडीनेच तेथे नेले होते.

त्या मुलीच्या बाबतीत मात्र पारडे वेर्ण्याकडे झुकते. तीन-चार वर्षे तिने कारखान्यात काढावीत. पुण्याच्या पेढीला सभ्य शब्दांत उत्तर पाठवावे, कारण तेच दार पुन्हा ठोठावण्याचा प्रसंग येऊ शकतो. आपण केलेली एखादी सुधारणा प्रदर्शनात वा मोबाइलवर जगाला दाखविण्यापूर्वी वरिष्ठांना विचारावे. आधी दाखविलेली गोष्ट बहुधा नवी राहत नाही, आणि महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत कित्येक चांगल्या कल्पना अशाच वाया गेलेल्या आहेत.

पेटंटचे अर्ज साधारणतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात आणि पेटंट-कचेरीच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. तिचा कारखाना जी वस्तू करतो त्याच वस्तूवरचा एक अर्ज तिने रविवारी उघडावा. वर्णन व आकृत्या वाचाव्यात, शेवटचे दावे कागदाने झाकून ठेवावेत आणि ते स्वतः लिहून पाहावेत. मग कागद उचलून ताडावे. पहिल्या वेळी तिचा दावा एक तर शिसवी पाटासारखा निघेल नाही तर साऱ्या घडीच्या विळ्या पोटात घेईल. दोन पावसाळे हे करून पाहावे. एजंटच्या परीक्षेची एक लेखी प्रश्नपत्रिका कायद्याची असते. दुसरी जवळजवळ याच कामाची असते, आणि त्यानंतर तोंडी परीक्षा. त्या रविवारांची तिला ओढ वाटू लागली की कंटाळा येऊ लागला, हे वडिलांना विचारावे लागणार नाही. जेवणाच्या वेळी तिला किती हाका माराव्या लागतात यावरून आजीलाच ते आधी कळेल.